डाव्या हाताचं झाकण

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या डोक्यावर झाकण होतं.

खरंच सांगते. पावसाची भुरभुर चालली होती. मी तळ्याच्या काठावर गवताच्या जुड्या भिजवत होते, आणि बसथांब्याकडून एक उंच माणूस गवती टोपलीचं मोठं झाकण डोक्यावर धरून येत होता. खिशातून लाकडी मोजपट्टी डोकावत होती.

"उतू जातंय का काही?" मी विचारलं. तोंडाला कुलूप घालायला मला कधी जमलंच नाही.

तो थांबला. "अजून तरी नाही... पण तुम्ही अशा हसत राहिलात तर सांगता येत नाही."

त्याला बायकांच्या हस्तकला केंद्रात जायचं होतं. मी जुन्या शाळेची वाट दाखवली, तो वळला, आणि झाकणावरची लाल रेघ मला दिसली. माझं हसू तिथेच आटलं. झाकण माझंच होतं.

मी पोचले तेव्हा तो शाळेच्या खोलीत उभा होता. शहरातल्या ज्या दुकानाला आमच्या टोपल्या जायच्या, तिथला माल तपासणारा. बायकांनी तोवर त्याचं 'पट्टीवाले' असं बारसंही उरकलं होतं. त्याने एका टोपलीवर ते झाकण ठेवलं. टोपलीवरची लाल रेघ वेलीसारखी गोल गोल चढत काठापर्यंत आली, आणि झाकणावर उलट्या दिशेने पळत सुटली.

"साठ टोपल्या अशा आहेत," तो म्हणाला. "मालक म्हणतात, पुढचं काम दुसऱ्या गावाला देऊ."

आम्ही चौदाजणी त्या रेघेकडे बघू लागलो. चूक कुठे झाली ते मला कळलं होतं. टोपल्या बाकीच्या विणायच्या आणि झाकणं फक्त मी, कारण घट्ट बसणारं झाकण दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. प्रशिक्षणाच्या बाई समोर बसून शिकवायच्या. मी मागच्या रांगेत बसून, आरशात बघावं तसं उचललं होतं. डाव्या हाताने. त्यामुळे माझी रेघ उलटी फिरायची. टोपल्यांचा ढीग एकीकडे, झाकणांचा दुसरीकडे... दोन्ही रेघा शेजारी धरून बघायचं कोणाला सुचलंच नाही.

"हा हात कोणाचा?" त्याने विचारलं.

"आमचा सगळ्यांचा," माझी वहिनी म्हणाली. घरी गरम पाण्याच्या एका तांब्यावरून माझ्याशी भांडणारी बाई, इथे भिंतीसारखी उभी राहिली.

मग मात्र मला बसवेना. "माझा," मी उठले. "डावरी आहे मी."

त्याने माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघितलं. बराच वेळ. "आठ दिवसांनी येतो," तो हळूच म्हणाला. "तोवर... उजव्या हाताने जमतंय का बघाल?"

लहानपणी आईने ह्या हाताला फडकं बांधलं होतं. सासरी त्याच्यावर चमचा बसायचा. चार वर्षांत तो संसार आटोपून मी भावाकडे आले, ते हा हात घेऊनच. आता छत्तिसाव्या वर्षी मीच त्याला मांडीखाली दाबून बसले. उजव्या हाताची झाकणं पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी वाकडी व्हायची. माझ्या एका हातापायी तेरा घरांचं काम जाणार, ह्या विचाराने जेवण जाईना.

सातव्या दिवशी वैतागून मी दाभण डाव्या हातात घेतलं. समोर वहिनी. माझं बघत तीही विणू लागली.

"अगं, शेजारी बसले की माझं डोकं गरगरतं," ती म्हणाली, "समोर बसले तर हात आपोआप चालतोय."

तिचं झाकण मी टोपलीवर ठेवलं. घट्ट. आणि रेघ सरळ पुढे गेली. मी डावी, ती माझ्यासमोरचा आरसा, म्हणजे उजवी! इतकी सोपी गोष्ट, आणि मी सात दिवस रडत होते.

दुसऱ्या दिवशी तेराजणी माझ्यासमोर बसल्या होत्या. तो दारात आला.

"नव्या बाई कोण शिकवायला?"

"ही काय, आमची डावरी," वहिनी ऐटीत म्हणाली.

काम आमच्याकडेच राहिलं. जुन्या झाकणांना जुळणाऱ्या टोपल्या मी स्वतः विणायला घेतल्या. दुकानातून मात्र साठपैकी एकोणसाठच झाकणं परत आली. एक हरवलं असेल म्हटलं.

पट्टीवाले दर आठवड्याला येऊ लागले. तपासणी अर्ध्या तासाची. मुक्काम शेवटच्या बसपर्यंत.

"मलाही शिकवा," म्हणत तो समोर बसायचा.

"दाभण गवतात घालायचं, बोटात नाही."

"बोट मध्ये येतं."

"लक्ष नसतं तुमचं."

"असतं की... गवतावर नसतं, एवढंच."

तेराजणींना एकदम खोकला यायचा.

मग एके दिवशी तो माझ्या शेजारी येऊन बसला. दाभण डाव्या हातात. समोर बसा म्हटलं तर ऐकेना. नुसता माझ्या बोटांकडे बघत राहिला.

त्यानंतर दोन आठवडे आला नाही. मी विचारलं नाही कोणाला. पण बसचा आवाज आला की माझा टाका चुकायचा, आणि वहिनी तो उसवून द्यायची.

तिसऱ्या आठवड्यात तो आला. काखेत कागदात गुंडाळलेली टोपली. एका अंगाला झुकलेली, टाके ढोबळ. त्याने तिच्यावर झाकण ठेवलं, तेच, पहिल्या दिवशी डोक्यावर धरलेलं. लाल रेघ अडखळत चढली, काठाशी आली... आणि न तुटता झाकणावर गेली.

"ह्याला जोडीची टोपली मला करायची होती," तो म्हणाला. "डाव्या हाताने."

"किती वेळा उसवलीत?"

"नऊ."

"तिरकी आहे."

"आहे. तुमच्याकडे पदरात घ्यायची पद्धत असेल तर..."

खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही.

"मी एकदा संसार सोडून आलेली आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे."

"हे काम सोडणार नाही."

"सोडलंत तर मला कोण शिकवणार? बोटं बघा माझी."

मी हात पुढे केला. उजवा. कोणाकडून काही घेताना हाच करायचा, असं मारून शिकवलेलं... मग तो मागे घेतला.

आणि डावा पुढे केला.