राहून गेलेला पहिला प्रश्न

बेल वाजली की बाबा अंथरुणातूनच ओरडायचे, "सांग, घरात कोणी नाही म्हणून!" आता हे मी दार उघडून कसं सांगणार?

त्या दिवशी दारात एक तरुण. गळ्यात ओळखपत्र, पाच जिने चढून धापा टाकत.

"घरोघरची पाहणी आहे. वीसच प्रश्न... खाली सगळ्यांनी तोंडावर दार आपटलं."

"मग इथे काय आम्ही आरती ओवाळणार होतो?"

"तुम्ही निदान साखळी लावून का होईना, बोलताय तरी."

हसलेच मी. कितीतरी दिवसांनी.

"काही सांगू नकोस!" आतून बाबा. "आज माणसं मोजतील, उद्या पेन्शन कापतील!"

माणसं किती, हा पहिलाच प्रश्न मी टाळला. पुढच्या सातांची उत्तरं दिली आणि म्हटलं, "बाकीचं... पुन्हा कधीतरी."

दुसऱ्या फेरीला मी साखळी काढली. कानातलेही बदलले होते, खोटं कशाला बोलू? पाण्याचा पेला परत देताना बोटांना बोटं लागली आणि दोघंही उगाच त्याच्या फॉर्मच्या टॅबकडे बघायला लागलो.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"बाजार, औषधं, रात्रीची जागरणं?"

"मी, मी आणि मीच. हेही फॉर्ममध्ये आहे?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "हे... मला हवं होतं."

मी पेला पुन्हा भरून आणला.

तिसऱ्या फेरीला तो पहिला प्रश्न तेवढा उरला. सांगितलं की फॉर्म पूर्ण, मग हा कशाला पाच जिने चढेल? मी अतिशहाणी.

"नाही सांगणार, जा!"

"नक्की?" त्याचा चेहरा पडला.

"नाही म्हणजे नाही!" लाडात म्हटलं होतं हो मी...

"बरं. त्रास दिला," म्हणाला आणि उतरून गेला.

अकरा दिवस मी जिन्यावरची पावलं ऐकत होते. बाराव्या दिवशी बेल वाजली, धावले... तर दारात त्याच्या वरिष्ठ बाई.

"तीन फेऱ्यांत फॉर्म पुरा झाला नाही की ते घर 'नकार' म्हणून बंद होतं, बाळा. पुन्हा यायची आमच्या मुलांना परवानगी नसते. तो खरंच येऊन गेला ना, एवढीच खात्री करायला मी आले. तो तर म्हणत होता, त्या घरी जाऊच नका, त्यांना नको आहे."

"तो कुठे आहे?"

"काम संपलं, गेला आपल्या गावी. नंबर नाही देता येत आम्हाला."

मला रडू फुटलं. बाईंचा हातच धरला मी.

"दोन! घरात माणसं दोन. मी आणि बाबा. लिहा ना... आणि त्याला कळवा, मी उत्तर दिलं म्हणून."

बाईंनी हलकेच हात सोडवून घेतला.

"आता उत्तर घेता येत नाही, बाळा."