बाविसाव्या मजल्यावरचं दार

सरका जवळ. सरकारच्या या उंच इमारतीत तुमची ही पहिलीच रात्रपाळी, म्हणून सांगतो. माणूस माझ्या चांगल्या ओळखीतला. बाविसाव्या मजल्यावर, पेन्शन विभागात हेडक्लार्क.

शुक्रवार होता, पुढे तीन दिवस सुट्टी. रात्री सव्वाआठला तो वर गेला तो नुसता विसरलेला चष्मा आणायला. बायको नि लेक खाली गाडीत, गावाला निघालेल्या. "पाच मिनिटांत आलो गं," म्हणाला, आणि मोबाइलही गाडीतच ठेवून गेला.

स्वभाव मात्र त्याचा भारी कुजका. बाहेरच्या माणसाच्या पासवर इथल्या माणसाची सही लागते, त्याशिवाय फाटकातून बाहेर सोडत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हा गडी सहीच करायचा नाही. ताटकळत ठेवायचा आणि गालात हसायचा. वर्षापूर्वी, अशाच सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, एक विधवा म्हातारी आली होती, लहानखुरी, कमरेत वाकलेली. "बाकावर बसा आजी, आलोच," म्हणाला आणि मागच्या लिफ्टने घरी गेला. तेव्हा सातलाच लिफ्ट बंद करायचे, त्या बंद झाल्या. म्हातारी जिन्यात शिरली आणि मागे दार लागलं. वरची-खालची सगळी दारं कुलूपबंद. चौथ्या दिवशी झाडूवालीला सापडली ती... जाऊ दे.

चौकशीत हा छातीठोकपणे म्हणाला, "मी सही करून पाठवलं होतं." नोकरी गेली बिचाऱ्या पहारेकऱ्याची. याच्या केसालाही धक्का लागला नाही. जिन्याच्या दारांची कुलपं तेवढी काढून टाकली, नि लिफ्ट रात्रभर चालू ठेवायला लागले.

तर, चष्मा मिळाला. तो वळला.

बाकावर कुणीतरी बसलं होतं.

"साहेब... सही?"

लिफ्टचं बटण दाबलं. दाबतच राहिला. लिफ्ट येईना. जिन्यात धावला. एक मजला उतरला. दारावर आकडा बावीस. आणखी उतरला... बावीस. धावत सुटला... बावीस.

दार ढकललं. हलेना.

मला कसं कळलं म्हणता? अहो, खिशातल्या पेनाने त्याने जिन्याच्या भिंतीवर सगळं लिहून ठेवलं होतं. मी स्वतः वाचलंय. शेवटची ओळ होती, "लेक हाका मारतेय. मी ओ देतोय. तिला ऐकू जात नाही."

आणि लेक खरंच हाका मारत होती. दहा वाजता पहारेकऱ्याला घेऊन मायलेकी वर आल्या, जिन्याचं तेच दार उघडलं, आत डोकावल्या. रिकामा. पुढे तीन दिवस पोलीस नि भाऊबंद तोच जिना चढले-उतरले. कुणालाच काही दिसलं नाही.

मंगळवारी तो त्याच दाराशी सापडला. ओठ फुटलेले. बोटांना नखं नव्हती.

दार करंगळीने ढकललं तरी उघडत होतं.

फक्त... बाहेरून, बाकाच्या बाजूने, लोखंडी पत्र्यात, दोन तळवे उमटलेत. लहानसे. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. दार दाबून धरल्यासारखे.

तीनदा रंग दिला मी त्यावर...