ठकीची चांगली बाजू

आईला सगळं आधीपासून लागायचं. शिवणाचं दुकान चालवणारी बाई ती. कात्री चालवून झाल्यावर विचार करणाऱ्यांची तिला भारी चीड. ठकीचं लग्न ठरलं तसा तिने हॉलच्याही आधी फोटोग्राफर ठरवला. "बाकी सगळं लोक विसरतात, फोटो जन्मभर राहतात," असं ती सांगे. खरं कारण वेगळंच होतं. ठकी लहानपणी पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली होती, आणि उजव्या गालावर डोळ्याखालून ओठापर्यंत पांढरी रेघ राहिली होती. ठकीला त्याचं काही नव्हतं. सलायची ती आईला.

फोटोग्राफरने दुकानातच चार फोटो काढून पाहिले. "काकू, डावी बाजू एकदम झकास आहे. आत्तापासून सवय लावा. ऐन वेळी सांगून जमत नाही."

झालं! आईने ध्यासच घेतला. जेवताना, "ठके, डावीकडून!" दार उघडताना, "डावीकडून!" ठकी खो खो हसायची. "आता खेकड्यासारखी चालू का मी?" पण सवय लागली, आणि आई ज्याला त्याला कौतुकाने सांगत सुटली.

मग पोशाखाची फिटिंग आली. ठकी स्टुलावर उभी होती, आणि आई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होती. डावी बाही झाली, पाठ झाली. उजव्या बाहीला टाचणी लावताना तिने वर पाहिलं, तर डावा गाल.

"मान वळवू नकोस गं."

"कुठे वळवतेय?"

खरंच, मान सरळ होती. खांदेही सरळ होते. आई पुन्हा वळसा घालून आली. तोच गाल, तीच खळी, डाव्या कानामागचा तोच तीळ. दुकानात तीन पानी आरसा होता, गिऱ्हाइकाला सगळ्या बाजू दिसाव्यात म्हणून हौसेने घेतलेला. तिन्ही पानांत डावा गाल होता. आईच्या तोंडातल्या टाचण्या फरशीवर सांडल्या.

तिने हात पुढे करून उजवा गाल चाचपला. गुळगुळीत लागला, खळीसकट.

"अहो, ठकीची खूण कुठे गेली?" तिने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं.

"कसली खूण?" त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. "पोर लांब चालली म्हणून तुझं डोकं फिरलंय."

आई जुने अल्बम काढून बसली. गालाला पट्टी बांधली होती तेव्हाचा एक फोटो होता, समोरून काढलेला. तिनेच काढला होता. त्यात आता पट्टी नव्हती. छोटी ठकी डावी बाजू पुढे करून गोड हसत होती. आईला रडूच फुटलं.

"खड्ड्यात गेले ते फोटो!" ती ठकीला म्हणाली. "सरळ बघ माझ्याकडे."

"बघतेच आहे, आई." ठकीचा आवाज बारीक झाला. "मला हल्ली उजवीकडचं काही ऐकू येत नाही. तू काहीतरी कर ना."

काय करणार होती आई? डॉक्टरांनी कान तपासला, ठणठणीत आहे म्हणाले. गालाचं तर कुणाला सांगायचीच चोरी. तारीख जवळ येत गेली.

लग्न दृष्ट लागण्यासारखं झालं. फोटोग्राफर तर वेडाच झाला होता. "काकू, अशी नवरी मिळत नाही! कुठूनही काढा, चांगलीच बाजू!"

निघताना ठकीने आईला घट्ट मिठी मारली. आई तिला सोडेचना. शेवटी लोकांनीच हसत हसत दोघींना वेगळं केलं.

पुढच्या आठवड्यात ठकीचा फोन आला. सगळे छान आहेत, घर छान आहे, असं ती सांगत होती. मग मध्येच तिने आवाज खाली आणला.

"आई."

"काय गं?"

"तिथे माझ्याकडे कोणी बघतं का?"

"तिथे म्हणजे?"

"घरी."

आईने फोन तसाच कानाशी धरून ठकीची खोली उघडली.

पलंगावर तिने सकाळीच इस्त्रीची चादर घातली होती.

उशीला एका बाजूला खड्डा पडला होता. गालाएवढा, आणि त्यात वरून खाली एक बारीक रेघ.

तिने हात ठेवला. कोमट होतं.

आणि हाताखालचा अभ्रा हळूहळू ओला होत गेला.