कोणाच्याही चालतात

"तुमच्याच पेशी त्यांना आतून खाताहेत, ताई!" भावजय म्हणाली आणि औषधाची बाटली तिनं टेबलावर आदळली... वर्षापूर्वी हिनंच हात जोडले होते, तुमचाच बोन मॅरो जुळतो हो, वाचवा त्यांना! ताईनं क्षणाचाही विचार न करता दिला. भाऊ वाचला, पण तिच्या पेशींना त्याचं शरीर परकंच वाटत राहिलं, आणि त्या त्याच्या कातडीवर, आतड्यांवर तुटून पडल्या. यात ताईचा काय दोष? पण सांगायचं कुणाला!

ताई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. महिन्यापूर्वी दूरच्या शहरातल्या ग्रंथालयानं तिला जुनी पुस्तकं दुरुस्त करायला बोलावलं, राहायला खोलीसुद्धा देऊ केली. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच कुणी केवळ तिच्यासाठी तिला बोलावत होतं! त्याच आठवड्यात भाऊ म्हणाला, "ताई, औषधांनी नाहीच भागलं तर या भांडखोर पेशींना शांत करणाऱ्या स्टेम सेल द्याव्या लागतील. त्या तुझ्याच लागणार. कधी, ते सांगता येत नाही."

संपलं! तिनं नकार कळवला. मग कारखानाही सुटला. गर्दीत जाऊ नका, सर्दी होईल. जड उचलू नका, ताप येईल... मागच्या खोलीत नुसतं बसून राहायचं. सगळे तिला जपत होते हो, पण तिला कुठे, तिच्या हाडांतल्या ऐवजाला!

आज तो दिवस आला. दवाखान्यात भावाच्या खाटेशेजारी, भावजयीच्या बाजूला, ताई उपाशीपोटी, बाही वर सारून बसली. नर्सला नवल वाटलं.

"अहो, तुमचं काही घ्यायचंच नाहीये! या पेशी कोणाच्याही चालतात, जुळवाव्या लागत नाहीत. आमच्याकडे साठवलेल्या आहेत. डॉक्टरांनी यांना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं की."

भावानं मान खाली घातली.

"बाब्या, तुला ठाऊक होतं?"

"होतं..."

"आणि मला दावणीला बांधून ठेवलंस?"

"भीती वाटली गं! तू गेलीस आणि पुन्हा काही झालं तर... तू घरात आहेस, एवढ्यावर मला झोप लागायची."

ताईचा संताप अनावर झाला. "मेल्या, थांब म्हणाला असतास तर थांबले असते! फसवलंस कशाला?"

भाऊ हुंदके देत बायकोकडे वळला. "तिला बोलत होतीस ना? तिच्या पेशींनी मला जगवलं गं. मीच तिला खाल्लं!"

भावजयीनं ताईचे हात घट्ट धरले. "चुकले हो, ताई..."

"ताई, आत्ताच फोन कर त्या ग्रंथालयाला," भाऊ म्हणाला. "सांग, येते म्हणून."

ताईनं बाहेर जाऊन फोन लावला. पलीकडचा माणूस फार सौजन्यानं बोलला. जागा मागच्याच आठवड्यात भरली होती.

काचेपलीकडे कुणा अनोळखी माणसाच्या पेशी थेंबाथेंबानं भावाच्या शरीरात उतरत होत्या, आणि तो डोळ्यांत प्राण आणून तिच्याकडे पाहत होता. खरं सांगितलं तर हा स्वतःला जन्मभर माफ करणार नाही... आणि आपण? पुन्हा त्याच मागच्या खोलीत!

ती आत आली.

"काय म्हणाले?"

"वाट बघतायत माझी. सोमवारी निघते."

तो रडता रडता हसला. ताईनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि नसलेल्या नोकरीच्या गावाचं तिकीट काढायला ती निघाली.