झोळीखालचा हात

वजनाच्या दिवशी पोषण केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यात हा सुतार! कानावर पेन्सिल, कडेवर सात महिन्यांचा भाचा, आणि आयांच्या रांगेत गुमान उभा. केंद्रातल्या ताईला हसू आवरेना.

"बाळाची आई कुठाय, मामा?"

"सकाळपाळीला. आणि मामा मी याचा. तुमचा... नाही."

झालं! तेव्हापासून दर मंगळवारी ताई वेणी जरा जास्तच निगुतीनं घालू लागली.

माणूसही तसाच होता हो. गरोदर बायकांना बाकावर जागा द्यायचा, डगमगणारं टेबल न सांगता ठोकून द्यायचा. बाळाचं पीठ किती पातळ शिजवायचं, ते तिला दोनदा विचारून तळहातावर लिहून घ्यायचा.

पण बाळाचं वजन काही केल्या वाढेना. तीन मंगळवार काटा सहाच्या पुढे सरकला नाही. आज चौथा. आज मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिणं भागच होतं.

"बहीण सारखी रडते," तो वजनकाट्याच्या झोळीत बाळाला ठेवत म्हणाला. "माझंच दूध कमी पडलं म्हणते. कालपासून जेवलीसुद्धा नाही."

बाळ तर चांगलं गुटगुटीत, लाथा झाडतंय... मग पाणी मुरतंय कुठं? ताईनं वाकून पाहिलं. टांगलेल्या झोळीखाली त्याचा पंजा होता, अलगद टेकवलेला.

"हात काढा."

"पडेल ना तो..."

"नाही पडत. काढा."

हात निघाला. काटा सरसर फिरला आणि सातच्या पुढे जाऊन थांबला.

तो मटकन बाकावर बसला. "म्हणजे बहिणीला मीच रडवलं?"

"चूक माझी," ती म्हणाली. "सहा वर्षं वजनं करतेय. झोळीखाली आधी बघायचं असतं. मी... भलतीकडेच बघत होते."

"कुठं?"

"पेन्सिलीकडे."

त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. कान लालबुंद झाला होता.

तिनं चिठ्ठीचा कोरा कागद बाजूला सारला, कार्डावर खरं वजन लिहिलं. "आधी बहिणीला फोन करा. दूध भरपूर आहे म्हणावं, चूक केंद्राची. आणि आता..." तिचा आवाज उतरला. "आता दर आठवड्याला यायची गरज नाही. महिन्यानं या."

त्यानं फोन केला. पलीकडून आधी रडणं आणि मग हसणं तिलाही ऐकू आलं. बाळाला उचलून तो दारापर्यंत गेला... आणि परत आला.

"महिना फार होतो," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. त्याआधी कुठल्या वारी येऊ?"

"रविवारी."

"रविवारी केंद्र बंद असतं."

"म्हणून तर." तिनं मान खाली घालून उगाच कार्डं नीट लावली. "बाळाला त्या दिवशी आईपाशीच राहू द्या. हात मोकळे असू देत."