खिळ्यावरची निळी केबल

"केबल देतो, मॅडम. पण एका अटीवर."

तिने मान वर केली. बराच वेळ ती त्या गारठलेल्या खोलीत जमिनीवर बसून आपली बॅग पुन्हापुन्हा उलटी करत होती. लॅपटॉप होता, चार्जर होता, छत्री होती, ताईने बळेबळे कोंबलेला मफलरसुद्धा होता... नव्हती ती नेमकी एक वस्तू, जिच्यावाचून तिचं एवढ्या लांब येणं फुकट होतं. लॅपटॉप यंत्राला जोडायची कन्सोल केबल.

यंत्र समोरच्या लोखंडी रॅकमध्ये नवंकोरं बसलं होतं. त्यातून निघणाऱ्या पिवळ्या फायबरच्या दोऱ्या गावभर जाणार होत्या, घराघरांत इंटरनेट पोचवणार होत्या. पण असलं नवं यंत्र लांबून कुणाचंच ऐकत नाही. त्याचा पत्ता काय, त्याने कुणाचं ऐकायचं, हे पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसून, केबल लावूनच सांगावं लागतं. ते सांगायलाच कंपनीने तिला पाठवलं होतं, आणि ही बाई केबल घरी टेबलावर ठेवून आली होती!

"कसली अट?" तिने विचारलं.

दारात उभा होता तो या खोलीचा तंत्रज्ञ. उंच, किंचित वाकलेला, बाह्या दुमडलेल्या. त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली निळी, चपटी केबल काढली. तिच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"केबल वापरून होईपर्यंत मी इथेच बसणार. याआधी तिघांनी नेली, 'आत्ता देतो' म्हणाले... अजून देतायत."

"म्हणजे मी चोर दिसते?"

"तेही साधेच दिसत होते," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू आवरलं नाही.

केबल होती हातभर. त्यामुळे दोघांना यंत्राला चिकटूनच बसावं लागलं, ती खोलीतल्या एकुलत्या एका स्टुलावर आणि तो उलट्या घातलेल्या खोक्यावर. तिने केबल लावली, स्क्रीन उघडला, आणि पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा सांडला.

"वेग चुकलाय," तो म्हणाला.

"कळतंय मला."

"कळतंय ते दिसतंय."

तिने रागाने बघितलं. तो शहाण्यासारखा छताकडे बघत होता. तिने लॅपटॉपचा यंत्राशी बोलण्याचा वेग बदलला आणि पडद्यावर यंत्राची पहिली सरळ ओळ उमटली. दोघेही एकदमच "हां!" म्हणाले.

काम आठवडाभर चाललं. दुसऱ्या दिवशी चहाचे कप आले. तिसऱ्या दिवशी 'मॅडम' गळून पडलं, आणि कधी 'तू' झालं ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. ती त्याला 'केबलवाले' म्हणायची. तिचं नाव त्याने पाडलं, 'दहा मिनिटं'.

त्याला कारण होतं. तिची कामाची एक सवय होती. यंत्रात कुठलाही बदल करताना ती आधी यंत्रालाच बजावायची – दहा मिनिटांत मी 'पक्कं' असं कळवलं नाही, तर तू आपलं पहिल्यासारखं हो. म्हणजे चुकून काही बिघडलं, लांबून यंत्र दिसेनासं झालं, तरी ते आपलं आपण सावरतं. चांगलीच सवय. पण ती एवढ्या तेवढ्या बदलालाही हेच करायची.

"चहात साखर घालतानाही लावतेस का गं दहा मिनिटं?"

"लावते. नाही आवडला तर पुन्हा बिनसाखरेचा व्हायला हवा."

"आणि माणसांना?"

ती उत्तर द्यायला वळली, तर तो इतक्या जवळ होता, की... यंत्राचे पंखे घुमत होते. त्याच्या बाहीला साबणाचा वास होता. तिने घाईघाईने पडद्यात डोकं घातलं आणि तीच ओळ दोनदा लिहिली.

शेवटच्या दिवशी तिने यंत्राला कायमचा पत्ता दिला, केबल काढली, आणि मुद्दाम बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून लॅपटॉपवर यंत्र उघडलं. झालं! आता ते कुठूनही सांभाळता येणार होतं.

तो येऊन शेजारी बसला. बारीक पाऊस पडत होता. पायरीच्या कडेला पाणी साचत होतं.

"म्हणजे आता तुला इथे यायची गरजच नाही," तो म्हणाला.

"नाही. तुझ्या ऑफिसचा खर्च वाचवला बघ मी!"

"गरज नसताना येशील?"

"काही बिघडलं की येईन ना."

"तू लावलेलं बिघडत नाही. हीच तर भानगड आहे." तो निळी केबल बोटांभोवती गुंडाळत होता, सोडत होता. "मला तू आवडतेस. फार. तुझ्याच पद्धतीने विचारतो. दहा मिनिटं नाही, हवे तेवढे दिवस घे. पण तुझ्याकडून काही आलंच नाही, तर मी समजेन, आपलं पहिल्यासारखं. मी फोन करून तुझ्या मागे लागणार नाही."

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. अगदी आलं होतं. पण तेवढ्यात गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, ती उठली, छत्री शोधली, आणि म्हणाली, "येते हं."

घरी ताईने तिचा चेहरा बघूनच ओळखलं.

"मग सांग की त्याला!"

"फोनवर नाही सांगणार. समोर सांगणार."

"मग जा की!"

"असं कसं जाऊ? काम नाही तिकडे काही."

ताईने कपाळावर हात मारला. "अगं, तुला माणसाला भेटायला जायचंय का यंत्राला?"

पण ती तशीच होती. कारण हातात असल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नसे. एक लहानसा बिघाड झाला, की जायचं आणि सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. रोज सकाळी ऑफिसात येऊन ती पहिल्यांदा तेच यंत्र उघडायची. सगळं सुरळीत. वादळ झालं, सुरळीत. वीज गेली आणि आली, तरी सुरळीत. आपल्याच कामाचा तिला एवढा राग कधी आला नव्हता.

असे महिने गेले. एकदा न राहवून तिने त्याला फोन लावला.

"सगळे दिवे हिरवे आहेत ना?"

"हिरवे आहेत." तो क्षणभर थांबला. त्या थांबण्यात त्याने किती वाट पाहिली असेल, ते तिला फार नंतर कळलं. "आणखी काही?"

आत्ता बोल, आत्ता... पलीकडच्या टेबलावर साहेब बसले होते. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाही. एवढंच."

"बरं," तो म्हणाला. मग हळूच, "बरं, मॅडम."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली.

पुढे पंधरवडाभर तिने कसाबसा धीर धरला. मग एका सकाळी तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. यंत्राचा पत्ता भलताच करून टाकला, आणि दहा मिनिटांची अट लावलीच नाही. गावातलं इंटरनेट चालूच राहिलं, कुणाचं काही अडलं नाही. फक्त तिला तिचं यंत्र दिसेनासं झालं.

"तुझ्याकडून?" साहेबांचा विश्वास बसेना. "बरं, तिथल्या माणसाला फोनवर सांग, तो केबल लावून करेल."

"पासवर्ड फोनवर सांगायचा नाही, असा आपलाच नियम आहे, सर. मीच जाते."

वाटेत तिने नवी निळी केबल घेतली, चांगली लांब. ती त्याला द्यायची होती. आणि काय बोलायचं, हे तर पाठच होतं.

दार त्यानेच उघडलं. तसाच उंच, तशाच दुमडलेल्या बाह्या.

"केबल विसरले," ती हसत म्हणाली. बॅगेची चेन तिने घट्ट लावून घेतली होती.

तोही हसला, पण जपून. खिळ्यावरची केबल काढली, लाल चिकटपट्टीवाली. खोलीत स्टूल नव्हतं. तिथे गादीची खुर्ची होती.

"अरे वा! ऑफिसने दिली?"

"नाही. ती म्हणाली, स्टुलावर बसून पाठ मोडेल." तो खुर्चीची पाठ पुसत राहिला, धूळ नसताना. "माझं लग्न ठरलंय. गेल्या महिन्यात."

"हो का," ती म्हणाली. आणि मग, काहीतरी म्हणायला हवं म्हणून, "छान."

ती खुर्चीत बसली. केबल लावली. या वेळी वेग पहिल्याच फटक्यात जुळला. तो मागे उभा राहून पडदा वाचत होता, आणि वाचता वाचता एकदम थांबला.

"दहा मिनिटं लावली नव्हतीत?"

"विसरले."

"तुम्ही?"

पंख्यांचा आवाज खोलीभर भरून राहिला. तिने मान वळवली नाही, कारण वळवली असती तर डोळे दिसले असते. पण त्याला कळलं होतं. यंत्राला काय झालं ते आणि का झालं तेही. त्या दिवशीचं फोनवरचं 'एवढंच' कशाने भरलेलं होतं, तेसुद्धा आत्ता कळलं असावं.

"एवढं कशाला करायचं गं..." तो म्हणाला. "नुसतं यायचं होतंस."

"काम नव्हतं ना," ती म्हणाली. आणि स्वतःचाच इतका राग आला तिला, की हसू फुटलं, आणि हसता हसता पडदा धूसर झाला.

एकदा त्याचा हात पुढे आल्यासारखा वाटला. मग त्याने तो खिशात घातला.

"मी बाहेर आहे," तो म्हणाला. "झालं की केबल खिळ्याला लावा."

आणि तो गेला. केबल तिच्या हातात तशीच सोडून, अट न घालता. ही केबल वापरात असताना तो पहिल्यांदाच उठून गेला होता.

तिने काम नीट केलं. खरा पत्ता घातला, दहा मिनिटांची अट लावली, सगळं तपासलं, आणि वेळ संपायच्या आत 'पक्कं' कळवलं. यंत्राने मुकाट्याने ऐकलं. मग तिने बॅगेची चेन उघडली, नवी लांब केबल काढून खिळ्याला अडकवली, आणि लाल चिकटपट्टीवाली जुनी केबल घडी करून मफलरमध्ये गुंडाळली.

पायरीवर तो पाठमोरा उभा होता. पाऊस नुकताच थांबला होता.

"लावली?" त्याने विचारलं.

"लावली," ती म्हणाली, आणि छत्री न उघडताच रस्त्याला लागली.

बसमध्ये बसल्यावर तिने बॅग मांडीवर घेतली आणि घर येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. केबल नेणारे परत आणून देत नाहीत, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.