देवी निजलेली असताना

हॉटेलवाल्यांना वाटलं, पलंगात ढेकूण झालेत.

तुर्कस्तानातल्या अंताल्याचं समुद्राकाठचं हॉटेल, खिडकीत निळाशार भूमध्य समुद्र... आणि खोलीतले पलंग मात्र जसेच्या तसे, चादरीला सुरकुती नाही. तुळजापूरचे पुजारी वसंतराव, त्यांच्या पत्नी नीलाताई आणि लेक वैदेही, तिघंही खाली सतरंजीवर झोपत होते. खोली आवरायला येणाऱ्या बाईनं ते पाहिलं. मग मॅनेजरनं नव्या गाद्या पाठवल्या, त्या वसंतरावांनी हात जोडून परत केल्या. बिचाऱ्या मॅनेजरचं तोंडच उतरलं. शेवटी त्यानं स्वयंपाकघरातल्या एका भारतीय तरुणाला वर धाडलं, बघ बाबा यांचं काय बिनसलंय ते.

तो पांढऱ्या कोटातच आला. त्यानं आधी सतरंज्यांकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या शेंगाचटणीच्या डब्याकडे, आणि सरळ मराठीत विचारलं, “देवी निजलीय, व्हय?”

वैदेही केस विंचरत होती. कंगवा केसांतच राहिला.

रणधीर नाव त्याचं, गाव तेर. म्हणजे तुळजापूरहून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं, आणि भेट झाली ती सातासमुद्रापार. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. नवरात्राच्या आधी आठवडाभर भवानी निद्रेत असते. तेवढे दिवस वसंतरावांच्या घरी कुणी पलंगावर झोपत नाही, आणि नवा शब्द कुणी देत नाही की घेत नाही. माझी आईबी हेच पाळती, असं म्हणून तो हसला. पूजेची पाळी यंदा वसंतरावांच्या चुलतभावाकडे होती, म्हणून कधी नव्हे ती ही सहल घडली होती. देवी निजते तेव्हाच आम्हाला फिरायची मुभा, असं नीलाताई सांगत होत्या आणि वैदेही त्याच्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होती.

पुढे मग कामातून सुटी मिळाली की रणधीर या तिघांच्या दिमतीला हजर. बाजारात त्यानं मिरची-टोमॅटोची एक बारीक चिरलेली चटणी वसंतरावांना चाखवली. हा ठेचाच आहे, फक्त जरा लाजरा, असा त्यांनी निवाडा दिला. परमुलखातल्या पाण्यालाही नाकं मुरडणाऱ्या नीलाताई त्याच्या भाजलेल्या वांग्यापुढं विरघळल्या आणि कृती विचारू लागल्या. वैदेही शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं चित्रांची वही आणली होती, पण पानं कोरीच राहत होती. हात एका जागी ठरेना, जीव तर त्याहून ठरेना.

आस्पेंदोसच्या जुन्या रोमन रंगमंडलात ती दगडी पायरीवर बसली. तो एक पायरी खाली.

“तेरचं कापड या किनाऱ्यापर्यंत यायचं म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी.”

“आणि तुम्ही?”

“मी जरा उशिरा निघालो.”

“निघताना तुळजापूरला डोकावायचं होतं. वाकडी वाट नव्हती काही.”

“चुकलंच,” तो म्हणाला. “तवा ठाऊक नव्हतं ना... तिथं कोण राहतंय ते.”

वैदेहीनं पायरीवरचं गवत उगाच उपटलं. खालून नीलाताईंनी हाक मारली, ती तिला दुसऱ्यांदा ऐकू आली.

परतायच्या आदल्या संध्याकाळी दोघं गोट्यांच्या किनाऱ्यावर चालत होते. आई-बाबा मागे बाकावर कणीस खात बसले होते. हॉटेलचा करार महिनाअखेरीला संपतो, रणधीरनं सांगितलं. आणखी तीन वर्षांच्या कागदावर सही मागतायत. मग तो थांबला.

“वैदेही... एक विचारायचंय.”

ती इतकी घाबरली की तोंडून भलतंच निघालं. “आत्ता नको. देवी निजलीय. या दिवसांत आम्ही कुणाला शब्द देत नाही.”

“मग कवा?”

“घटस्थापनेला जागी होते.”

त्यानं पायाशी पडलेला एक गोटा समुद्रात भिरकावला. “बरं,” एवढंच म्हणाला.

विमानात तिनं स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. घटस्थापनेच्या आधीच महिनाअखेर येत होती, हे तिला ढगात गेल्यावर सुचलं! सही झाली की तीन वर्षं गेली. तुळजापुरात आल्यावर तिनं फोनवर निरोप लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला... सही करू नका, असं म्हणणं म्हणजे शब्द देणंच की. त्याचाही काही निरोप नाही. महिनाअखेर उलटली. दोनदा दूध उतू गेलं, आणि नीलाताई ओटा पुसत राहिल्या.

घटस्थापनेला दुपारनंतर रस्ता ज्योतींनी भरला. गावोगावची पोरं देवळातून ज्योत पेटवून घेतात आणि अनवाणी पळत आपापल्या गावी नेतात. वाटेवरच्या घरांनी ज्योतीत तेल घालायचं. वैदेही तेलाची किटली घेऊन दारात उभी होती आणि प्रत्येकाला गाव विचारत होती. नळदुर्ग. मुरूम. पुन्हा नळदुर्ग. पाय भाजत होते, तरी आत जाववेना.

“तेर,” पुढचा आवाज म्हणाला.

तिनं वर पाहिलं. कोट नाही, गुलालानं माखलेला शर्ट, धुळीचे पाय, हातात ज्योत. तेल ज्योतीत कमी आणि त्याच्या मनगटावर जास्त पडलं.

“सही केली?” तिनं विचारलं.

“देवी निजलेली असताना?” रणधीर धापा टाकत म्हणाला. “कागद तसाच ठिवून आलोय. आता जागी झालीय ती. विचारू?”

मागची पोरं ओरडायला लागली, ज्योत थांबवू नये, चल की. तो जागच्या जागी पाय हलवत राहिला, पण नजर तिच्यावरून हलेना. वैदेहीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

“हो,” ती म्हणाली.

“अजून विचारलंच न्हाय की.”

“वेळ कुठाय? पळा तुम्ही.”

तो पळाला. घराबाहेरच्या ओट्यावर वसंतराव उभे होते. ते कधीपासून तिथं होते कुणास ठाऊक. त्यांनी हात जोडून गाद्या परत करणाऱ्या माणसाला शोभणार नाही अशा खणखणीत आवाजात हाक दिली, “ए तेरकर! दसऱ्याला देवी पुन्हा निजती. काय बोलायचं ते त्याच्या आत घरी येऊन बोल.”

गर्दीत रणधीरला मागं वळता येईना. त्यानं ज्योत तेवढी उंच धरली.